रानाचा ताण

नागपूर-अमरावती महामार्ग चौपदरी होत होता त्या वर्षींची गोष्ट. आमचें तळेगांव श्यामजी पंत त्याच रस्त्यावर वसलेलें; तेव्हां रस्ता रुंद होणें म्हणजे रस्ता आमच्या दारांत येणें होतें. गिट्टीच्या खदानींत दिवसांतून दोनदां सुरुंग उडत, रात्रभर मोठमोठीं यंत्रें घरघरत. आणि आमच्या कोठ्यांतील गवळाऊ गाय, जी तोंवर बिनतक्रार दूध देत आली होती, ती एकाएकीं देईनाशी झाली. दुसऱ्याच वेताची गाय, वासरूं धडधाकट, कडबा-सरकी नेहमींचीच. आम्हीं गुरांच्या डॉक्टरांस बोलाविलें. ताप नाहीं, कास सुजलेली नाहीं, असें सांगून त्यांनीं एक औषध लिहून दिलें. परंतु खरें निदान केलें तें एका म्हाताऱ्या गवळ्यानें. त्यानें गाईच्या पाठीवर हात ठेवला, तिचें शेण काठीनें उकरून पाहिलें, आणि तो म्हणाला, "गाय आटली नाही जी. चोरून राह्यली."

पान्हा चोरणें हा वाक्प्रचार आम्हीं लहानपणापासून ऐकलेला. पण त्यांत गाईचाच कांहीं खोडसाळपणा असावा, अशी आमची समजूत होती. ती चुकीची होती. वासरानें कासेला तोंड लावलें म्हणजे गाईच्या मेंदूंतून एक रस रक्तांत उतरतो व त्याच्या योगानें कासेंतील दूध सडांत येतें. गाय भ्यालेली असली म्हणजे त्याच वेळीं दुसरा एक रस, त्यास आपण भयाचा रस म्हणूं, रक्तांत उसळतो आणि पहिल्याची वाट अडवितो. दूध कासेंत तसेंच राहतें. बिचाऱ्या गाईवर चोरीचा आळ मात्र उगाच येतो. गवळ्याच्या सांगण्यावरून आम्हीं ती वासरासह रस्त्यापासून दूर एका नातलगाच्या वावरांत नेऊन बांधली. चौथ्या दिवशीं निरोप आला, कीं बादली भरली.

या गोष्टीस आतां बरींच वर्षें झालीं. परंतु तेव्हां मनांत आलेला एक विचार अद्याप गेलेला नाहीं. कोठ्यांतील गाईचें दूध आम्ही दोन वेळ मोजतों, म्हणून तिचें भय आम्हांस कळलें. पण त्याच खदानीच्या पलीकडे रान आहे. त्या रानांत चितळ आहेत, सांबर आहेत, रोही आहेत, भेडक्या आहेत. सुरुंगाचा आवाज त्यांच्याहि कानीं पडतच होता. त्यांच्या माद्यांनीं त्या वर्षीं पान्हा चोरला असेल तर तें कोणाच्या बादलींत उणें दिसावें? उपाशी पाडस गवतांतच पडतें, कोल्हा त्याची वासलात लावतो, आणि पुढच्या गणतींत एक आंकडा कमी येतो. तो कमी कां आला, हें सांगणारें शेण तोंवर वाळून माती झालेलें असतें.

आमच्या रानाचा नकाशा वाचकांच्या डोळ्यांपुढें असावा म्हणून थोडें सांगतों. गांवाच्या एका अंगास आष्टी-कारंजाकडील टेकड्यांचें जंगल आहे. तें तुटत तुटत बोरच्या रानापर्यंत जातें. बोर हें १९७० पासून अभयारण्य होतें. २०१४ सालीं तो व्याघ्रप्रकल्प झाला. त्याचा गाभा अवघा १३८ चौरस किलोमीटर, म्हणजे देशांतील धाकट्या व्याघ्रप्रकल्पांपैकीं एक. दुसऱ्या अंगास, वर्धा नदी व अप्पर वर्धा धरणाचें पाणी ओलांडून, फार दूरवर मेळघाटाचे डोंगर आहेत. बोरांत वाढलेल्या वाघाच्या बच्च्यास स्वतःचा मुलूख हवा झाला कीं त्यास बाहेर पडावेंच लागतें, आणि बाहेर म्हणजे आमचीं वावरें, आमचे संत्र्याचे बगीचे, आमचे धाबे व आमचा महामार्ग. रात्रीं एक-दोनच्या सुमारास मालमोटारींच्या दोन रांगांमध्यें जी थोडी फट पडते, तेवढाच त्याचा रस्ता.

असल्या प्राण्याच्या देहांत काय चालतें, याचा विचार शास्त्रज्ञांनीं प्रथम रानांत केला नाहीं, प्रयोगशाळेंत केला. अमेरिकेंतील वॉल्टर कॅनन यानें भय व क्रोध यांच्या वेळीं शरीरांत होणाऱ्या फरकांवर १९१५ सालीं ग्रंथ लिहिला. छातीची धडधड वाढते, रक्त आंतड्यांतून निघून हातापायांच्या स्नायूंकडे धांवतें, साखर रक्तांत उतरते. लढावें किंवा पळावें, यासाठीं सारी तयारी क्षणांत होते. पुढें १९३६ सालीं मॉन्ट्रियल येथील हान्स सेल्ये यानें 'नेचर' पत्रांत एक लहानसें टिपण प्रसिद्ध केलें. त्यानें उंदरांना निरनिराळ्या प्रकारें छळलें होतें: कोणास थंडींत ठेवलें, कोणास जखम केली, कोणास दमेपर्यंत पळविलें, कोणास विषारी द्रव्य टोंचलें. छळ निराळा, पण परिणाम सारखाच दिसला. मूत्रपिंडांच्या माथ्यावरील अधिवृक्क ग्रंथि फुगल्या, जठरांत व्रण पडले, आणि छातींतील थायमस ग्रंथि व लसिकाग्रंथि आकसल्या. ही तिसरी खूण आमच्या विषयाच्या दृष्टीनें महत्त्वाची. कारण रोगाशीं झुंजणाऱ्या पांढऱ्या पेशींची तालीम ज्या आखाड्यांत होते, तो आखाडाच थायमस. दीर्घ छळानें आखाडा ओस पडतो.

या अवस्थेस इंग्रजींत दिलेल्या नांवाचें मराठी भाषांतर 'ताण' असें झालें. पुण्या-मुंबईकडील लोकांना तो शब्द पुस्तकी वाटत असेल. आमच्या पट्ट्यांत तो बगीच्यांतला आहे. संत्र्याच्या झाडास ताण देणें हें काम येथें शेतकऱ्याच्या पोरालाहि माहीत असतें. आंबिया बहार घ्यावयाचा असेल तर हिंवाळ्यांत झाडांचें पाणी तोडतात; मृगाचा घ्यावयाचा असेल तर उन्हाळ्यांत. झाड कांहीं दिवस तहानलेलें राहतें. पानांचा हिरवेपणा फिका पडतो, तीं मलूल होतात, थोडींशीं गळतात. बगीचेवाला रोज सकाळीं जाऊन पान बोटांत धरून पाहतो. जमीन हलकी असेल तर ताण थोडे दिवस, काळी भारी असेल तर अधिक. आणि योग्य दिवस आला कीं ओलित देऊन तो ताण तोडतो. मग कांहीं आठवड्यांत सारा बगीचा फुलानें असा लगडतो कीं रस्त्यानें जाणाऱ्यालाहि वास यावा. पण तोडावयाचा दिवस चुकला, विहिरीचें पाणी आटलें, वीज आली नाहीं, तर तेंच झाड शेंड्याकडून वाळूं लागतें. फांद्यांवर सल वाढते, कीड धरते, रोग शिरतो. दोन वर्षें निगा केली तरी पूर्वींचें झाड परत येत नाहीं.

जनावराच्या देहाचेंहि याहून निराळें नाहीं. वाघ चितळाच्या कळपावर झडप घालतो, एक पडतें, बाकीचीं पळतात, आणि थोड्या वेळानें पुन्हां चरूं लागतात. हा ताण रोजचा आहे व तो रोज तुटतो. एवढ्या अल्पकाळच्या भयानें देहाचें नुकसान होत नाहींच, उलट रक्तांतील पांढऱ्या पेशी त्या वेळीं कातडीकडे, जखम होण्याचा संभव असेल तेथें, धांवून जातात. सीमेवर सैन्य नेऊन ठेवण्यासारखाच हा प्रकार. परंतु भय उठूनच गेलें नाहीं, तर अधिवृक्क ग्रंथींतून कॉर्टिसॉल नांवाचा रस पाझरतच राहतो. तो देहाचा मोठा काटकसरी दिवाण. संकट आहे, असें सांगून तो एकेका खात्याचा खर्च बंद करतो. वाढ थांबवा, गर्भ राहूं देऊं नका, पचनाचें पुढें पाहूं, नव्या पांढऱ्या पेशी घडविण्याची आतां घाई नाहीं. दहा मिनिटांच्या संकटांत ही काटकसर शहाणपणाची असते. दहा महिन्यांच्या संकटांत तिनेंच दिवाळें निघतें.

आतां रानांतल्या वाघाची ही जमाखर्चाची वही वाचावी कशी? त्याचें रक्त घ्यावयाचें तर त्यास पकडावें लागतें, आणि पकडलेल्या वाघाच्या रक्तांत पकडल्याचाच ताण सांपडतो. शास्त्रज्ञांनीं यावर जी युक्ति काढली ती ऐकून आमच्या गवळ्यास नवल वाटलें नसतें. ते विष्ठा पाहतात. कॉर्टिसॉलचे अवशेष आंतड्यांतून विष्ठेंत उतरतात. एखाद्या क्षणाचा दचका नव्हे, तर मागील कांहीं तासांचा, दिवस-दीड दिवसाचा सरासरी हिशेब त्यांत असतो. हैदराबाद येथील पेशीय व रैणवीय जीवशास्त्र केंद्राची वन्यप्राण्यांसाठीं एक स्वतंत्र प्रयोगशाळा आहे. तेथील संशोधकांनीं मध्यप्रदेशांतील कान्हा व बांधवगड या रानांतील वाघांची विष्ठा तपासून २०१९ सालीं आपला निष्कर्ष प्रसिद्ध केला. पावसाळ्यांत रान बंद असतें तेव्हांपेक्षां प्रवाशांच्या हंगामांत हे अवशेष अधिक आढळले. आणि मोटारी व माणसें वाढलीं तसें त्यांचें प्रमाणहि वाढलेलें दिसलें. राजस्थानांतील सरिस्कांत जुने वाघ नाहींसे झाल्यावर २००८ पासून रणथंभोरचे वाघ नेऊन सोडले. तेथें वाघिणींना पिलें होण्यास चार वर्षें लागलीं, आणि त्या वाघांच्या विष्ठेंतील ताणाचा संबंध गुरें, माणसें व रस्ते यांच्या उपद्रवाशीं असल्याचें संशोधकांनीं पुढें दाखविलें.

मोटारींतून वाघ पाहणाऱ्या लोकांचें म्हणणें असतें, कीं वाघ आमच्याकडे ढुंकूनहि पाहत नाहीं, तो सरावला आहे. आम्हींहि एकदां असेंच म्हटलें होतें. आमची गाय खदानीच्या आवाजानें कधीं दावें तोडून पळाली नव्हती. ती नेहमींसारखीच उभी राहून रवंथ करी. उभें राहणें निराळें व निश्चिंत असणें निराळें. जाण्यास जागा नसलेला प्राणी बहुधा उभाच राहतो.

तरी एक सांगितलें पाहिजे, नाहीं तर आम्ही शास्त्राचा आधार घेऊन शास्त्रावरच अन्याय केल्यासारखें होईल. विष्ठा उन्हांत तापली, पावसांत भिजली, तर हिशेब बिघडतो. मादी गाभण असेल तर आंकडा निराळा, चारा आटला असेल तर निराळा. आणि निष्कर्ष नेहमीं आपल्या मनाजोगे येतात असेंहि नाहीं. कर्नाटकांतील हत्तींच्या विष्ठेची तपासणी २०१९ सालींच प्रसिद्ध झाली. माणसांच्या पिकांत शिरणारे हत्ती भयानें जर्जर असतील, असें कोणासहि वाटलें असतें. पण त्यांचा ताण रानांतल्या हत्तींपेक्षां कमी आढळला. कारण असें सुचविण्यांत आलें, कीं पिकाचें अन्न सकस, पोट भरलेलें, आणि भरलेल्या पोटानें भयाचा भार हलका होतो. आमच्या तुरींत शिरणाऱ्या रोह्यांचें वर्म आम्हांस यांत सांपडलें. रानांतला चारा ज्या मानानें निकस होत जातो त्या मानानें वावराची धांव स्वस्त पडते. भय आहेच, परंतु तें तुरीच्या शेंगांच्या भावानें विकत घेतलेलें आहे.

ताणाचा आणि रोगाचा सांधा कोठें जुळतो, हें मात्र एका दूरच्या उदाहरणानें फार स्पष्ट होतें. आफ्रिकेंतील सेरेंगेटीच्या रानांत १९९४ सालीं कुत्र्यांच्या डिस्टेंपर नांवाच्या रोगानें सुमारें एक तृतीयांश सिंह मेले. रोग गांवच्या कुत्र्यांतून आला, असें तेव्हां ठरलें, आणि तें बहुतांशीं खरेंहि होतें. पण जुन्या रक्ताच्या नमुन्यांची पुन्हां तपासणी करून २००८ सालीं जें प्रसिद्ध झालें तें अधिक विचार करावयास लावणारें आहे. तोच रोग त्या सिंहांत मधल्या वर्षांतून अनेकदां येऊन गेला होता व कोणाच्या ध्यानांतहि आला नव्हता! १९९४ सालीं विशेष घडलें तें असें: आधीं कडक दुष्काळ पडला, त्यानें रानरेडे खंगले, खंगलेल्या रेड्यांवर गोचीड माजले, ते रेडे सिंहांनीं खाल्ले, आणि गोचिडांतून आलेले रक्तांतले जंतु व डिस्टेंपर हे दोन्ही एकाच वेळीं सिंहांच्या देहांत भेटले. एका ओझ्याखालीं सिंह चालत होता. दुसरें पडतांच बसला.

आपल्याकडेहि सप्टेंबर-ऑक्टोबर २०१८ मध्यें गीरच्या एका कोपऱ्यांत वीसांहून अधिक सिंह थोड्याच दिवसांत मेले व त्यांत डिस्टेंपरचा हात दिसला. महाराष्ट्रापुरतें बोलावयाचें तर सोलापुराजवळ नान्नज येथें माळढोकासाठीं राखलेल्या माळावर संशोधकांनीं भोंवतालच्या गांवचीं कुत्रीं व माळावरचीं खोकडें यांचें रक्त तपासलें. २०१४ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासांत बहुतेक मोठ्या कुत्र्यांत डिस्टेंपर व पार्व्हो या रोगांच्या खुणा सांपडल्या. खोकडेंहि त्यांतून सुटलेलीं नव्हतीं. दक्षिणेकडे अण्णामलाईच्या डोंगरांत रानाचे तुकडे झाले आहेत. तेथील सिंहपुच्छ वानरांचा अभ्यास २०१३ सालीं आला. ज्या तुकड्यांत माणसांचा वावर अधिक, तेथील वानरांच्या पोटांत जंतांचा भारहि अधिक.

तळेगांवांत हें सारें समजावून घेण्यास रक्त तपासण्याची गरज पडूं नये. महामार्गावर धाबे झाले, धाब्यांच्या मागें उष्टें पडूं लागलें, उष्ट्यावर कुत्रीं पोसलीं, आणि तीं कुत्रीं रात्रीं रानांत शिरतात. मागें एका हिंवाळ्यांत आमच्या धुऱ्यावर एक खोकड रोज सकाळीं उन्हाला येऊन बसे. खरजेनें त्याच्या शेपटीवर केस उरले नव्हते. आम्ही दहा पावलांवर गेलों तरी तें उठत नसे, आणि घरच्या मुलांस वाटलें, कीं तें माणसाळलें. आठवड्यानें तें त्याच जागीं मेलेलें सांपडलें.

आमच्या भागांतील सर्वांत गाजलेली कथा मात्र एका वाघिणीची आहे. जुलै २०१७ मध्यें चंद्रपूर जिल्ह्यांत ब्रह्मपुरीकडे माणसांवर हल्ले केल्यामुळें एका तरुण वाघिणीस पकडण्यांत आलें. गळ्यांत रेडिओचा पट्टा बांधून महिन्याच्या अखेरीस तिला बोरच्या रानांत सोडलें. तेथें ती ठरली नाहीं. अनोळखी मुलूख, मागें ओळखीचें रान नाहीं, पुढें स्वतःचें नाहीं. वर्धा, नागपूर व अमरावती या तीन जिल्ह्यांच्या सीमा ओलांडीत, वावरांतून, बगीच्यांतून, रस्त्यांवरून ती अडीच महिने भटकली. त्या भटकण्यांत आणखी माणसें मेलीं. गोळी घालण्याचा हुकूम निघाला; वाद उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत गेला; आणि १४ ऑक्टोबर २०१७ रोजीं कारंजा (घाडगे) तालुक्यांत सिंदीविहिरी गांवाजवळ, रानडुकरांसाठीं वावराभोंवतीं लावलेल्या तारेंत वीज सोडलेली होती, तिचा धक्का लागून ती मेली. त्या पट्ट्यानें नकाशावर ठिपक्यांची मोठी रांग उमटविली. ठिपका ती कोठें आहे एवढें सांगे. ती कशी आहे, हें सांगणें त्याच्या हातचें नव्हतें.

मेलेल्या माणसांच्या घरीं जाऊन वाघिणीच्या ताणाची कथा सांगण्याचें धैर्य आमच्यांत नाहीं, आणि तें असूंहि नये. त्या दिवसांत गांवोगांव लोक कापूस वेंचावयास जात नव्हते. आमच्या शेजारच्या घरीं मुलांस संध्याकाळीं अंगणांत येऊं देत नव्हते. भय कोणाच्या रक्तांत अधिक होतें याची तुलना आम्ही करणार नाहीं. रस मात्र दोन्हीकडे एकच; कॉर्टिसॉल वाघाचा निराळा आणि माणसाचा निराळा, असें नसतें. जो शेतकरी आश्विनापासून माघापर्यंत जागलीवर असतो, माचाणावर डुलक्या घेतो, रानडुकरांचा गलका ऐकून टिन वाजवीत धांवतो, आणि सकाळीं पुन्हां कामास लागतो, त्याचाहि ताण कोणी तोडीत नाहीं. रानाचें सुख सांगणाऱ्या पुष्कळ लेखांत या मनुष्याचा उल्लेख 'उपद्रव' या एका शब्दांत होतो, तो आम्हांस रुचत नाहीं.

तसा तो आमच्या गांवास शोभणारहि नाहीं. तळेगांवाजवळच्या घाटास सत्याग्रही घाट म्हणतात. १९३० सालीं मध्यप्रांत-वऱ्हाडांत जंगल सत्याग्रह झाला. राखीव रानांतलें गवत कापावयाचें आणि तुरुंगांत जावयाचें, अशी त्याची साधी रीत होती. त्या सत्याग्रहाची आठवण घाटाच्या नांवांत राहिली आहे. ज्यांच्या वाडवडिलांनीं गुरांच्या मूठभर गवतासाठीं शिक्षा भोगली, त्यांना आज रानापासून दूर राहा म्हणून कोरडा उपदेश करणें कठीण. गंमत अशी, कीं त्या घाटांतून आज ज्या मोटारी जातात त्यांना कोणी राखीव रानाची आठवण करून देत नाहीं. विळा घेऊन गेलेल्या मनुष्याचा उपद्रव दिसतो. मोटारींतून गेलेल्याचा दिसत नाहीं. नागपूर-जबलपूर रस्त्यावर पेंचच्या रानांत जनावरांसाठीं रस्ता उंच उचलून खालून वाट ठेवली, आणि २०१९ पासून वाघासकट अनेक प्राणी तेथून जातांना कॅमेऱ्यांत दिसले आहेत. म्हणजे करावयाचें म्हटलें तर होतें.

आतां आमचा स्वतःचा अपराध सांगतों. आमची तूर रानाला लागून आहे. चार वर्षांपूर्वीं आम्हींहि इतरांसारखा एक भोंगा विकत आणला. हा सूर्यप्रकाशावर भरून ठेवावयाचा असतो आणि रात्रभर त्यांतून आळीपाळीनें वाघाची डरकाळी, कुत्र्यांचें भुंकणें, फटाक्यांचा आवाज व माणसाची आरोळी निघते. आम्ही घरीं येऊन निश्चिंत झोपूं लागलों. पहिला महिना रोही फिरकले नाहींत. दुसऱ्या महिन्यांत ते आले, आणि डरकाळीच्या तालावर चरूं लागले. आम्ही हंसलों, आणि तरीहि भोंगा लावीतच राहिलों. कारण कांहीं नाहीं तर डुकरें तरी दबतील, असें वाटे.

पुढें एका प्रयोगाची हकीकत वाचनांत आली. कॅनडांतील संशोधकांनीं एका जातीच्या गाणाऱ्या चिमण्यांच्या घरट्यांभोंवतीं जाळीं व विजेचीं कुंपणें लावून शिकारी प्राण्यांपासून त्यांना पूर्ण निर्भय केलें. नंतर कांहीं चिमण्यांना नुसते शिकारी प्राण्यांचे आवाज ऐकविले. कांहींना निरुपद्रवी प्राण्यांचे. प्रत्यक्ष भय कोठेंच नव्हतें. तरी ज्यांनीं शिकाऱ्यांचे आवाज ऐकले त्यांनीं अंडीं कमी घातलीं, पिलांना चारा कमी भरविला, आणि वर्षभरांत त्यांचीं शेंकडा चाळीस पिलें कमी झालीं. हा शोध २०११ सालीं प्रसिद्ध झाला. आमच्या भोंग्यानें रोही गेले नव्हते. पण त्याच धुऱ्याच्या पलाटींत तितर होते, बोरीच्या झुडपांत बुलबुल होते, ससे होते, आणि त्यांनीं आमची तूर कधींच खाल्ली नव्हती. रात्रीमागून रात्र एक वाघ त्यांच्या डोक्यावर ओरडत होता, आणि तो कधीं जातच नव्हता.

मागल्या पौषांत आम्हीं भोंगा काढला. तत्त्व म्हणून काढला असें म्हणतां येत नाहीं. त्यांतला एक भाग बिघडला होता, तो दुरुस्त केला नाहीं, इतकेंच. त्याऐवजीं आम्ही स्वतः जागलीवर गेलों. शेजारच्या वावरांतला भोंगा दूरवर चालूच होता. मध्यरात्रीपर्यंत जागलों, थंडी फार होती, मग केव्हां झोंप लागली तें कळलें नाहीं.

सकाळीं उठून पाहतों तों तुरीचीं दोन तासें फस्त. म्हातारा गवळी गाई घेऊन रानाकडे चालला होता, तो धुऱ्यावर थांबला. आमची ती गाय त्याच्याच कळपांत आहे. आतां ती म्हातारी झाली. "किती खाल्लं जी?" त्यानें विचारलें. आम्हीं तासें दाखविलीं. तो कांहीं बोलला नाहीं. वावराच्या टोकाशीं रोह्यांच्या लेंड्यांचा मोठा ढीग एकाच जागीं पडलेला होता, तेथें जाऊन बसला. भ्यालेलें ढोर पळतां पळतां पातळ टाकीत जातें, हें त्यानेंच आम्हांस मागें दाखविलें होतें. त्यानें काठीच्या टोंकानें दोन-चार लेंड्या फोडून पाहिल्या, आणि उठतां उठतां म्हणाला,

"निवांत खाल्लं जी."